स्क्रीनवर शून्य, मॉडेलमध्ये पावणेदोन मिलिमीटर जास्त खोल: इम्प्लांट ट्रेनिंगमधली एक केस

डेंटलच्या मुलांना इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात बसवायचा कृत्रिम दाताचा स्क्रू, शिकवताना ड्रिल हाडात कुठे चाललंय ते स्क्रीनवर दाखवणारं नेव्हिगेशन मशीन वापरावं की नाही यावरून आमच्या स्टाफरूममध्ये दोन पार्ट्या आहेत, आणि गंमत अशी की दोन्ही पार्ट्या एकाच केसचा दाखला देतात, म्हणून म्हटलं एकदा ती केस पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट लिहून काढावी. केस पेशंटची नाही, मॉडेलवरची आहे, कोणाला काही झालेलं नाही. कॉलेज कुठलं, मशीन कुठल्या कंपनीचं, मुलगी कोण हे मुद्दाम टाकत नाहीये, त्याचा इथे काही संबंधही नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण बाहेरच्या वाचकाला वाटतं डेंटिस्ट झाला म्हणजे इम्प्लांट येतच असणार. तसं नसतं. बीडीएस, म्हणजे डेंटलची पदवी, चार वर्षं आणि वर वर्षभराची इंटर्नशिप, आणि त्यात इम्प्लांट म्हणजे बहुतेक ठिकाणी काही लेक्चर्स, पीजीच्या मागे उभं राहून बघणं, फार तर सक्शन, म्हणजे तोंडातलं पाणी ओढणारी नळी, धरणं. स्वतःच्या हाताने हाडात ड्रिल घालायचं ते एमडीएसला, म्हणजे पीजीला, नाहीतर पास झाल्यावर शनिवार-रविवारचे कोर्स करून. आता स्वीडनच्या ब्रॅनेमार्कने गोथेनबर्गला पहिला पेशंट केला १९६५ ला, १९८२ च्या टोरंटोच्या कॉन्फरन्सनंतर जगाने ते मान्य केलं, म्हणजे टेक्निक काही नवीन नाही, पण ती हातात उतरवायची कशी हा प्रश्न अजून चालूच आहे.

तर आमच्याकडे इंटर्नसाठी एक हँड्स-ऑन ठेवलं होतं आणि कंपनीने डेमोसाठी डायनॅमिक नेव्हिगेशनचं मशीन आणलं होतं. फँटम हेड, म्हणजे सरावाचं नकली डोकं, त्यात खालचा जबडा, डावीकडे ३६ नंबरचा दात नाही, म्हणजे खालची पहिली मोठी दाढ, आपल्याकडे खूप काढली जाते ती. जबडा प्लॅस्टिकचा पण आत नर्व्हचा कॅनॉल, म्हणजे नस जाते ती नळी, सीबीसीटीत (जबड्याच्या थ्रीडी एक्स-रे स्कॅनमध्ये) दिसेल असा केलेला. ही जागा मुद्दाम घेतात, कारण बरोबर खालून इन्फिरिअर अल्व्हिओलर नर्व्ह जाते, आणि ती दुखावली तर पेशंटचा खालचा अर्धा ओठ आणि हनुवटी बधिर होते, चहा ओघळला तरी कळत नाही, दाढी करताना कापलं तरी कळत नाही, कधीकधी ते कायमचं राहतं. म्हणून नियम असा की इम्प्लांटचं टोक आणि कॅनॉल यात कमीत कमी २ मिलिमीटर सोडायचे. या मॉडेलमध्ये हाडाच्या कडेपासून कॅनॉलपर्यंत १२ मिलिमीटरपेक्षा जरा जास्त जागा होती, प्लॅन १० मिलिमीटरच्या इम्प्लांटचा. म्हणजे दोन मिलिमीटर शिल्लक, नियमात बसतं, पण चुकायला वर जागा नाही.

मशीन काय करतं ते सांगते, जितकं केससाठी लागतं तितकंच. आधी जबड्याचा सीबीसीटी काढायचा, त्यात सॉफ्टवेअरवर इम्प्लांट कुठे, किती खोल, कुठल्या अँगलने ते ठरवायचं. मग जबड्याला एक ट्रॅकर बसवायचा, दातांवर अडकवलेला स्टेंट, म्हणजे साचा, आणि त्यातून तोंडाबाहेर आलेला छोटा दांडा, त्याच्या टोकाला खुणांची पट्टी. तशीच पट्टी हँडपीसला. वर कॅमेरा, तो या दोन्ही पट्ट्या सतत बघत असतो. मग रजिस्ट्रेशन, म्हणजे या सिस्टीममध्ये एका गोल टोकाच्या पेनने तीन-चार दातांवरून फिरवायचं, त्यावरून कॉम्प्युटर खरा जबडा आणि सीबीसीटीतला जबडा एकमेकांवर बसवतो. मग ड्रिलचं टोक कॅलिब्रेटरवर टेकवायचं, ड्रिल बदललं की परत टेकवायचं. एवढं झालं की स्क्रीनवर तुमचं ड्रिल सीबीसीटीच्या आत हलताना दिसतं, एक गोल टार्गेट, अँगलचा आकडा, आणि किती खोल जायचं बाकी आहे तो आकडा. सगळं बरोबर असलं की हिरवं.

मूळ कल्पना न्यूरोसर्जरीतून आलीय, मेंदूच्या ऑपरेशनला ऐंशीच्या दशकापासून असं नेव्हिगेशन वापरायला लागले, दातांकडे ते २००० च्या आसपास आलं. आता टोरंटोचं नॅव्हिडेंट आहे, अमेरिकेतलं एक्स-गाईड आहे, चिनी सिस्टीम्सही भरपूर आल्यात. स्पर्धा आहे ती थ्रीडी प्रिंट केलेल्या गाईडशी, ज्यात भोक ठरलेलं असतं आणि ड्रिल त्यातूनच जातं. त्या गाईडबद्दल २०१८ च्या एका मोठ्या आढाव्यात सरासरी चूक अशी निघाली होती: सुरुवातीच्या जागेला १.२ मिलिमीटर, टोकाला १.४, अँगलला साडेतीन डिग्री. नेव्हिगेशन साधारण त्याच घरात येतं. नुसत्या हाताने केलं तर अनुभवी माणसाचीही अँगलची चूक सात-आठ डिग्रीपर्यंत जाते.

आणि विद्यार्थ्यांचं म्हणाल तर व्हर्जिनिया कॉमनवेल्थ युनिव्हर्सिटीत, अमेरिकेत रिचमंडला, ग्रॅज्युएशनच्या मुलांकडून मॉडेलवर नेव्हिगेशनने इम्प्लांट बसवून घेतले होते, २०१९ ला ते छापून आलं, आणि दिसलं काय तर प्रत्येक प्रयत्नागणिक वेळ कमी होत जातो, मुलं पटकन शिकतात. मला त्यात आश्चर्य वाटलं नाही. वरच्या दातांवर आरशात बघून काम करायला आपण त्यांना दुसऱ्या वर्षापासून शिकवतो, हात एकीकडे आणि नजर दुसरीकडे ही सवय डेंटलच्या पोराला असतेच, आणि वरून ही पिढी स्क्रीनवर वाढलेली. बापडे सर्जरीचे सिनियर लोकच स्क्रीनकडे बघताना मान अवघडून घेतात.

आता ती मुलगी. इंटर्न, हात चांगला, प्री-क्लिनिकलला क्राउन प्रेपरेशन, म्हणजे कॅपसाठी दात घासणं, सुंदर करायची, जरा घाईची पण बेफिकीर नाही. तिच्याबरोबर असिस्ट करायला तिचीच मैत्रीण आणि तिसरा एक जण मोबाईलवर शूट करत होता, रील टाकायचं म्हणून. मी त्या टेबलाची फॅकल्टी होते पण माझ्याकडे अजून दोन टेबलं होती, आणि कंपनीचा माणूस मशीनच्या बाजूला उभा.

ट्रॅकरचा स्टेंट उजवीकडे खालच्या ४४-४५-४६ नंबरच्या दाढांवर बसवलेला, म्हणजे इम्प्लांटच्या बरोबर समोरच्या बाजूला, हे योग्यच आहे कारण डावीकडे बसवला तर ड्रिलला आडवा येतो. स्टेंटच्या आत रेझिन, म्हणजे घट्ट होणारं प्लॅस्टिक, घालून दातांवर पक्का करतात. इथे रेझिन घातलं होतं पण पुरतं सेट व्हायच्या आधी पुढची गडबड सुरू झाली, आणि मॉडेलचे दात प्लॅस्टिकचे, गुळगुळीत, खऱ्या दातासारखी पकड त्यांना नसते. रजिस्ट्रेशन छान झालं. ड्रिलचं टोक ४४ च्या टोकावर टेकवून बघितलं, स्क्रीनवरही बरोबर ४४ च्या टोकावर दिसलं. सगळे खूश.

मग ड्रिलिंग. पायलट ड्रिल, म्हणजे पहिलं बारीक ड्रिल, आत गेलं, पाणी चालू, मैत्रिणीने सक्शन घातलं. पहिल्या मिनिटभरात स्क्रीन दोनदा गोठली कारण मैत्रिणीचं डोकं कॅमेऱ्यासमोर येत होतं, मशीनने पिंग पिंग केलं, ती बाजूला सरकली, परत सुरू. हे चांगलंच आहे, याने मुलांना कसं बसायचं, कोणी कुठे उभं राहायचं हे आपोआप कळतं, दहा लेक्चर्सनी कळत नाही. नंतरची तीन ड्रिल्स पटापट झाली, प्रत्येक वेळी कॅलिब्रेशन केलं, विसरली नाही. इम्प्लांटही स्क्रीनवर बघतच बसवला. शेवटी स्क्रीनवर खोलीचा आकडा शून्य, अँगल हिरवा, टाळ्या.

मी येऊन बघितलं तर इम्प्लांटची मान हाडाच्या कडेच्या खाली गेलेली, दिसण्याइतपत खाली. मी विचारलं, अगं हा एवढा आत का गेलाय? ती म्हणाली, "मॅडम, थोडा सबक्रेस्टल आहे, पण सबक्रेस्टल चालतं ना, आणि स्क्रीन तर शून्य दाखवतेय." सबक्रेस्टल चालतं हे खरं आहे, काही इम्प्लांट्स मुद्दाम कडेच्या अर्धा-एक मिलिमीटर खाली ठेवतात. पण प्लॅन तसा नव्हता. प्लॅनमध्ये मान बरोबर कडेला होती.

पोस्ट-ऑप सीबीसीटी काढला आणि प्लॅनवर बसवून बघितला. अँगलची चूक दोन डिग्रीच्या आसपास, म्हणजे गाईडच्या सरासरीपेक्षाही चांगली. पण इम्प्लांट सगळाच्या सगळा जवळपास पावणेदोन मिलिमीटर खाली, मानेलाही तेवढाच आणि टोकालाही तेवढाच. कॅनॉलच्या वर जे दोन मिलिमीटर ठेवले होते त्यातलं जेमतेम अर्धा मिलिमीटरच्या आसपास उरलं. खऱ्या पेशंटमध्ये नर्व्हला थेट भोक पडलं नसतं कदाचित, पण सूज, दाब, आणि पुढचे सहा महिने बधिर ओठ घेऊन पेशंट दारात, हे काही अशक्य नव्हतं.

आणि वर्कशॉपचं मार्कशीट अँगलवर जास्त मार्क देणारं होतं. म्हणजे नियमाप्रमाणे ही मुलगी त्या दिवशी पहिल्या दोन-तीनात आली असती. यावर मला आजही हसायला येतं आणि रागही येतो.

कंपनीच्या माणसाचं पहिलं म्हणणं, "मॅडम, स्टुडंटने ड्रिल कॅलिब्रेट केलं नसेल." बरोबर आहे, नेहमी तेच होतं, लांब ड्रिल लावलं आणि मशीनला आधीच्या छोट्या ड्रिलची लांबी माहीत असली की ते खोलीत चुकतं. पण मोबाईलच्या व्हिडिओत प्रत्येक कॅलिब्रेशन स्पष्ट दिसत होतं, मुलगी सुटली. मग दुसरा संशय सीबीसीटीवर, स्कॅन हलला असेल, पण प्लॅस्टिकचं मॉडेल हलणार कुठे. तिसरा रजिस्ट्रेशनवर, नीट ट्रेस केलं नसेल.

इथे आमच्या सरांनी जे केलं ते मला सगळ्यात आवडलं, आणि यात काही हाय-फाय नाही. ट्रॅकर अजून मॉडेलवरच होता, कोणी काढला नव्हता. सरांनी मुलीला ड्रिल परत लावायला लावलं, कॅलिब्रेट करायला लावलं आणि म्हणाले, "आता ४५ च्या टोकावर टेकव. स्क्रीनवर काय दिसतं?" बरोबर ४५ च्या टोकावर. "आता पुढच्या दातावर, ३१ वर." स्क्रीनवर ड्रिलचं टोक दाताच्या जरा वर, हवेत. "आता ३७," म्हणजे इम्प्लांटच्या मागची दाढ. हवेत, आणि चांगलंच वर, दोन मिलिमीटरच्या आसपास. ड्रिल प्रत्यक्षात दाताला टेकलेलं, मुलीच्या हाताला लागतंय, आणि स्क्रीन म्हणतेय अजून पोचायचंय.

यावरून काय निघतं बघा. ड्रिलची लांबी चुकली असती तर चूक सगळ्या दातांवर सारखीच आली असती, उजवीकडेही आणि डावीकडेही. इथे चूक ट्रॅकरजवळ जवळपास शून्य, मधे थोडी, लांब गेलं की मोठी. म्हणजे ट्रॅकरच फिरलाय, उजव्या दाढांच्या आसपास धरून. किती फिरला असेल? ४५ पासून ३६ पर्यंत जबडा आडवा ओलांडला की साधारण पाच सेंटिमीटर, आणि पाच सेंटिमीटरवर दोन डिग्री फिरलं की १.७ मिलिमीटर होतात. दोन डिग्री, म्हणजे डोळ्याला दिसतसुद्धा नाही. आणि म्हणूनच अँगल छान आला होता, तो छान अँगल म्हणजे त्या दोन डिग्रीचीच सावली होती, आणि इतकी छोटी की रिपोर्टात कौतुक व्हावं.

कधी फिरला ते मोबाईलमध्ये सापडलं. रजिस्ट्रेशन आणि ४४ ची तपासणी झाल्यावर, पहिलं ड्रिल आत जायच्या आधी, मैत्रिणीने सक्शनची नळी ट्रॅकरच्या दांड्याखालून ओढून घेतली आणि दांडा वरच्या जबड्याच्या दिशेला किंचित उचलला गेला, सेकंदभर. कोणाच्या लक्षात आलं नाही, त्यात तिचा काही दोष नाही, नळी कुठून घ्यायची हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. दांडा उचलला की कॉम्प्युटरच्या मते डावी बाजू खाली गेली, खरा जबडा जागेवरच. मग मशीन बिचारं त्या खाली गेलेल्या काल्पनिक जबड्यात मुलीला अचूक नेत राहिलं. भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं मागे असलं तरी सेकंदकाटा अगदी व्यवस्थित फिरत असतो, तसं.

मशीनचा एक स्वभाव यात लक्षात घेतला पाहिजे. पट्टी कॅमेऱ्याला दिसेनाशी झाली की ते ओरडतं. पट्टी जबड्यावरून सरकली तर ते गप्प बसतं, कारण त्याला कळायला मार्गच नाही, त्याच्या दृष्टीने पट्टी म्हणजेच जबडा. मुलांना पिंग पिंगची सवय लागते आणि मग पिंग नाही म्हणजे सगळं ठीक असा समज होतो. हा समज कंपनीच्या डेमोत कोणी काढत नाही, त्यांना विकायचंय, त्यांचंही बरोबर आहे.

आता मला जे खरं टोचलं ते. या मुलीला कळायला तीन संधी होत्या, आणि तिन्ही संधी स्क्रीनच्या बाहेर किंवा स्क्रीन आणि हात यांच्या मधल्या फटीत होत्या. पहिली, पायलट ड्रिल हाडाला टेकलं तेव्हा. या मॉडेलवर हिरडी नव्हती, फ्लॅप उघडल्यासारखं, म्हणजे हिरडी कापून बाजूला केल्यासारखं, थेट हाड. हाताला टेकल्याचं कळलं असणार, प्लॅस्टिकला ड्रिल टेकलं की कळतंच, पण स्क्रीनवर टोक हाडाच्या वर हवेत होतं. तिने हाताचं न ऐकता स्क्रीनचं ऐकलं. दुसरी, ड्रिलवरच्या रेघा. प्रत्येक ड्रिलवर ८, १०, ११.५, १३ अशा खुणा असतात, लेझरने कोरलेल्या, काळ्या. स्क्रीनवर शून्य आलं तेव्हा १० ची रेघ हाडाच्या कडेला दिसायला हवी होती, ती आत गडप झालेली होती. व्हिडिओ थांबवून बघितलं तर अगदी स्पष्ट दिसतं, ११.५ ची रेघ कडेला टेकायला आलेली. पण त्या वेळी खोलीतलं कोणीच ड्रिलकडे बघत नव्हतं. शूट करणाऱ्या मुलाचा कॅमेरा तेवढा बघत होता. तिसरी, मान आत गेली ती, ज्याला तिने सबक्रेस्टल म्हणून नाव दिलं आणि विषय संपवला. चूक झाली की तिला पुस्तकातलं एखादं नाव देऊन मोकळं होणं हे आमच्या क्षेत्रात भयंकर चालतं, आणि त्यात फक्त इंटर्नच असतात असं नाही.

बरं, तपासणीचं काय. हँडआउटमध्ये लिहिलं होतं की मधेमधे ड्रिल दातावर टेकवून खात्री करा. समजा तिने मधेमधे केलं असतं. तिने ते ४४ वर केलं असतं, कारण पहिल्यांदा तिथेच केलं होतं आणि तिथे हात सहज पोचतो, आणि ४४ ट्रॅकरच्या अंगाखालचा दात, तिथे स्क्रीनने दर वेळी बरोबर दाखवलं असतं. म्हणजे नियम पाळूनही ती फसली असती. तपासायचं तर जिथे काम करतोय त्याच्या शेजारच्या दातावर, ३५ किंवा ३७, आणि प्रत्येक ड्रिलच्या आधी, नुसतं सुरुवातीला एकदा नाही. आता आमच्या हँडआउटमध्ये ते असंच आहे.

या केसनंतर स्टाफरूमच्या दोन पार्ट्या. सरांची पार्टी म्हणते, बघा, आधी नुसत्या हाताने शिकवा, रेघ बघायला शिकवा, हाड हाताला कसं लागतं ते कळू दे, मग स्क्रीन द्या. पेरिओच्या, म्हणजे हिरड्यांच्या विभागातल्या, एका तरुण कलीगची पार्टी म्हणते, उलट आहे, फ्रीहँडला, म्हणजे नुसत्या हाताने, सात-आठ डिग्री वाकडं गेलेलं आम्ही अनुभव म्हणून माफ करतो आणि मशीनच्या एका घसरलेल्या ट्रॅकरवरून बोंब मारतो, शिवाय मशीन नसतं तर किती चुकलं आणि का चुकलं हे आकड्यात कळलंच नसतं. दोघांचंही खरं आहे आणि म्हणूनच वाद संपत नाही.

माझं मत विचाराल तर मी स्क्रीन आधी द्यायच्या बाजूची आहे. नवख्या मुलाला पंधरा डिग्री म्हणजे किती हे हातात कळत नाही, तुम्ही मागे उभं राहून "जरा लिंग्वल, जरा लिंग्वल, अरे बस बस" (लिंग्वल म्हणजे जिभेकडे) असं ओरडलात तरी त्याला नेमकं किती ते समजत नाही, आणि स्क्रीन ते क्षणात समजावते, न रागावता. त्याहून मोठा फायदा नंतरचा, प्लॅन आणि झालेलं काम एकावर एक ठेवून बघायला मिळतं तो. फ्रीहँड शिकलेल्या आमच्या पिढीला आपण नेमके किती चुकतो हे कोणी दाखवलंच नाही, एक्स-रेवर बरं दिसलं की झालं. पण स्क्रीन आधी द्यायची तर तिच्याबरोबर स्क्रीनवर संशय घ्यायलाही त्याच तासाला शिकवलं पाहिजे, पुढच्या टर्मला नाही. अमेरिकेतल्या २०१७ च्या एका अभ्यासात सर्जन लोकांचा नेव्हिगेशनवर हात बसायला वीसेक केसेस लागतात असं दिसलं होतं. माझी भीती अशी की त्या वीस केसेस जर सगळ्या सुरळीत गेल्या तर हात बसतो आणि डोळा झोपतो.

म्हणून पुढच्या बॅचला आम्ही एक वात्रटपणा केला. एका टेबलावर रजिस्ट्रेशन झाल्यावर, मुलं ग्लोव्ह्ज बदलायला गेली की ट्रॅकर मुद्दाम जरासा फिरवून ठेवायचा, काही न सांगता. डिपार्टमेंटच्या हेडने आधी नाक मुरडलं, मुलांचा आत्मविश्वास जाईल म्हणाले, पण मॉडेलवर गेलेला आत्मविश्वास परवडतो. काहींनी पकडलं, काहींनी नाही. पकडणारे सगळे हाताने हुशार होते असं बिलकुल नाही, एक मुलगा ज्याचं कॅव्हिटी प्रेपरेशन बघून मी दोन वर्षं डोक्याला हात लावलाय त्याने पायलट ड्रिल टेकवताच थांबून विचारलं, "मॅडम, हे टेकलंय, पण टीव्हीवर टेकलेलं नाहीये." टीव्ही म्हणाला तो. तेवढ्यावर त्याला मी पूर्ण मार्क दिले. मार्कशीटही बदललं, अँगलचे मार्क कमी केले, खोलीचे वाढवले, आणि शेजारच्या दातावर तपासणी केली की नाही याला वेगळा कॉलम, जो भरायला असिस्टंट मुलाला बसवलं, म्हणजे त्यालाही काम आणि तो सक्शनची नळी कुठून घेतोय याकडे त्याचंही लक्ष.

यातून एक नवीन भानगड निघाली, तीही सांगते. ती पहिली मुलगी परत आली होती, तिला स्वतःहून दुसऱ्यांदा करायचं होतं. या वेळी मॉडेलवर सिलिकॉनची हिरडी होती, फ्लॅप न उघडता करायचं होतं. पायलट ड्रिल टेकवलं आणि लगेच बाहेर काढलं. "मॅडम, हवेत दाखवतंय, दोन मिलिमीटर. ट्रॅकर हललाय." ट्रॅकर हलला नव्हता. सीबीसीटीत हाड उठून दिसतं, हिरडी तशी दिसत नाही, आणि ती टेकली होती ती हिरडीला, त्यामुळे दोन मिलिमीटर हवेत दिसणं इथे अगदी बरोबर होतं. मी काही सांगणार तोवर तिने स्वतःच ड्रिल ३५ वर टेकवलं, मग ३७ वर, दोन्हीकडे स्क्रीन बरोबर. जरा थांबली, बोटाने हिरडी दाबून बघितली, आणि "अच्छा, हिरडी" म्हणून हिरडीला गोल भोक पाडायचा टिश्यू पंच मागितला.